रेघेच्या आतल्या जावा

नकाशावरची रेघ आमच्या ओढ्यावरून गेली होती. ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्यांना खाडीच्या भरावाचा त्रास होईल आणि पलीकडच्यांना होणार नाही, असं कंपनीने करून घेतलेल्या अहवालात लिहिलं होतं. सरकारी खात्याने त्याच्यावर शिक्का मारला होता. माझं घर पुलापलीकडचं पहिलंच. माझ्या अंगणातून थुंकलं तर रेघेच्या आत पडेल. पण कोर्टात जायचा हक्क आतल्यांना, आणि मी बाहेरची.

"म्हणजे आमच्या नाकाला वास यायचा नाही का?" मी रा आडनावाच्या आमच्या वकीलबाईंना विचारलं.

"येईल की. पण तुमच्या नाकाचा त्रास आधी सिद्ध करावा लागेल," त्या म्हणाल्या. "आतल्यांचा त्रास कायदा आपणहून धरून चालतो. आपल्याकडे तेवढा वेळ नाही, तेव्हा आतल्यांच्याच नावाने जाऊ. आणि एक लक्षात ठेवा, शेवटपर्यंत एक जण जरी टिकला तरी खटला उभा राहतो."

आमच्या गेनमोरी गावातल्या सगळ्या बाया त्या दिवशी समाज-मंदिराच्या खालून तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. वकीलबाई चोंजू शहरातून आल्या होत्या. वय तिशीचं, बूट चिखलाने भरलेले, आणि बोलणं कसं, तर सुरीने मुळा चिरावा तसं. त्यांनी सांगितलं की ओहोटीला उघडं पडणारं खाजण भरून तिथे कारखान्यांची वसाहत करायची परवानगी रद्द करून घ्यायची आहे. पैसे मागायचे नाहीत, परवानगीच रद्द. रेघेच्या आतल्या दहा-बारा घरांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. सगळ्यांत पहिली सही विदोवालीची.

विदोवाली म्हणजे आमची थोरली काकू. विदो बेटावरून लग्न होऊन आली म्हणून विदोवाली. कागदावरचं तिचं नाव ना माल्ल्ये आहे, हे आम्हा सगळ्यांना कोर्टाच्या नोटिशीवरूनच कळलं. तिच्या घराला भिंत लागून तिच्या धाकट्या जावेचं घर. ही बुआनवाली. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही एकाच वादळात बोटीबरोबर गेले. तेव्हापासून दोघींनी एकमेकींच्या आधाराने मुलं वाढवली. किमचीच्या लोणच्याचे आणि सोयाच्या रसाचे रांजण दोघींचे एकाच ओट्यावर. कुठला कुणाचा हे त्यांनाही आठवत नसेल. ओहोटी लागली की दोघी बरोबर खाजणात उतरायच्या, लाल रबरी घमेलं दोरीने चिखलावरून ओढत, आणि भरती यायच्या आत शिंपल्यातल्या तिसऱ्यांनी भरून परत आणायच्या. वाटभर भांडायच्या. त्यांचं भांडण ऐकू आलं की आम्ही म्हणायचो, चला, ओहोटी लागली.

मग कंपनीची माणसं गावात फिरायला लागली. ती वाईट वागली असं म्हणता येणार नाही. उलट फार चांगलं वागली. एकाच्या जावयाला कामावर घेतलं, एकाच्या घराचं छप्पर बदलून दिलं, म्हाताऱ्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहलीला नेलं. सहलीहून आलेल्या माणसाचा चेहरा ताजा, पण नजर दुसरीकडे. दर महिन्याला कोणीतरी वकीलबाईंना फोन करून, माझं नाव काढा, असं म्हणायचं. वकीलबाई कोणाला रागावल्या नाहीत.

बुआनवालीच्या मुलाला, तेसोपला, कंपनीने ट्रकवर घेतलं. तो चाळिशीचा, दोनदा धंद्यात बुडालेला. पक्की नोकरी मिळाली, युनिफॉर्म मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोर्टात तारीख होती. विदोवाली आणि मी बसने चोंजूला गेलो. कारकुनाने वाचून दाखवलं, अमक्याने नाव मागे घेतलं, तमक्याने मागे घेतलं, प्यो ऑक्बुन यांनी मागे घेतलं.

"ही कोण प्यो ऑक्बुन?" विदोवालीने माझ्या कानात विचारलं.

मला ठाऊक होतं. बुआनवालीने सही केली तेव्हा मी शेजारीच होते. माझं तोंड बघूनच ती काय ते समजली.

परत येताना ती बसच्या खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आली, पाठीवरची पिशवीही न उतरवता सरळ रांजणांच्या ओट्यावर चढली आणि भिंतीपलीकडे ओरडली, "तुझे रांजण तुझ्या अंगणात ने!"

बुआनवाली बाहेर आली. "जाऊबाई, ऐकून तर घ्या. तेसोपची नोकरी—"

"कुठले तुझे ते सांग. नाहीतर मी ठरवते."

आम्ही दोघी-तिघींनी ते रांजण हलवले. जड होते आणि आत कित्येक वर्षांचा रस होता. सांडू नये म्हणून सगळं लक्ष पायाखाली. बुआनवाली दारात उभी राहून रडत होती, आणि रडता रडता सांगत होती, "तो नाही, तो जाऊबाईंचा. तो मोठा त्यांचा." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. ओहोटीला एक उत्तरेकडून उतरायची, एक दक्षिणेकडून. आम्हाला ओहोटी घड्याळात बघावी लागायला लागली.

पानगळ संपेपर्यंत रेघेच्या आत एकच नाव उरलं. वकीलबाई मुद्दाम गावात आल्या. विदोवालीने त्यांच्यापुढे रताळी ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

"आजी, तुम्हाला खरं सांगायला हवं," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही नाव काढलं, किंवा इथलं राहणं सोडलं, तर खटला संपला. तुमच्यावर फार ओझं आहे. नको वाटलं तर मी समजून घेईन."

"मी कुठे जातेय?" विदोवाली म्हणाली. "माझ्या सासूला मला घालवता आलं नाही. आणि ती बाई कंपनीपेक्षा हुशार होती. रताळं खा. काटकुळी झालीयस."

वकीलबाईंनी दोन रताळी खाल्ली. जाताना पुलावर मला म्हणाल्या, "आपण जिंकतोय बघा." कशावरून म्हणाल्या कोण जाणे, पण मलाही तसंच वाटलं.

मग थंडी पडली. एका सकाळी विदोवाली रांजणातून किमची काढायला ओट्यावर चढली, पायरीवर बर्फ होता, आणि ती घसरली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. तिने हाक मारली नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, हाक ऐकायला भिंतीपलीकडे कोण होतं ते मला माहीत होतं, म्हणून मारली नाही. पण बुआनवालीला रोज सकाळी पलीकडून झाकणाचा आवाज यायची सवय. झाकण उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आलाच नाही. ती भिंतीवरून डोकावली. मग भिंत चढूनच आली, सत्तरीची बाई.

चोंजूच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. सोलहून मुलगा आला, ग्यूह्वान. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. त्याने डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवलंही. आईचा पत्ता आपल्या घरी बदलायचा, म्हणजे घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा मिळेल, रोज भेटता येईल. गावच्या घरात ती एकटी कशी राहणार? पायऱ्या, ओटा, अंगणातला संडास. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच आम्हाला जड गेलं.

आम्ही गावातल्या पाच-सहा जणी हॉस्पिटलात गेलो. वकीलबाई आधीच आलेल्या. त्या ग्यूह्वानला म्हणाल्या, "तुम्ही खटल्याचा विचार करू नका. खटल्यापेक्षा आईचं हाड मोठं." आणि विदोवालीलाही तेच म्हणाल्या. ही बाई वकील आहे की कोण, असं मला वाटलं. हातातला खटला जात होता आणि ती उशी सरळ करून देत होती. आम्हालाही, काकू जाऊ नका, असं म्हणवेना. मोडलेल्या हाडाच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं की आमच्यासाठी घरी येऊन पड?

विदोवाली छताकडे बघत होती. "मी जात नाही," ती म्हणाली. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"आई, तुला उठून पाणीसुद्धा घेता येणार नाही."

"तहान लागणार नाही मला."

तेवढ्यात दार उघडलं आणि बुआनवाली आत आली. हातात डब्यांचं गाठोडं, डोक्याला रुमाल, बाहेरच्या थंडीने गाल लाल झालेले. तिने कोणाकडे बघितलं नाही. सरळ वकीलबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"माझं नाव परत घालता येईल का?"

"नाही, मावशी. खटला भरायची मुदत केव्हाच संपली. एकदा काढलेलं नाव परत येत नाही."

"बघा ना, काही करून."

"खरंच नाही."

बुआनवालीने मान हलवली. बाजारात माल संपला असं ऐकल्यावर हलवतात तशी. मग गाठोडं खाली ठेवून ग्यूह्वानकडे वळली. "ठीक आहे. माझं नाव चालत नसेल तर जिचं नाव चालतं तिला मी सांभाळते. तू सोलला जा. आईला घरी पाठव. मी तिच्याकडे राहायला जाते. पाणी देईन, पाठ चोळीन, संडासाला नेईन. माझ्या सासूचं मीच केलं होतं, तुझ्या आईला उलटी यायची म्हणून."

"काकी, तुमचंही वय—"

"माझं वय मला माहीत आहे, ते मोजू नकोस."

विदोवालीने छतावरची नजर काढली नाही. माझ्याकडे हात करून म्हणाली, "अगं पुलापलीकडचे, त्या बाईला विचार, तिच्या मुलाच्या नोकरीचं काय होणार?"

ती बाई हाताच्या अंतरावर होती. तरी मी विचारलं, "धाकट्या काकू, थोरल्या काकू विचारतात, तेसोपच्या नोकरीचं काय?"

"त्यांना सांग, तेसोपला ट्रक चालवता येतो, आणि जगातले सगळे रस्ते कंपनीने बांधलेले नाहीत."

"तिला विचार, आता शहाणपण सुचलं, तेव्हा कुठे होतं?"

"त्यांना सांग, तेव्हा भीती वाटली. आता जास्त भीती वाटते, म्हणून आले."

"कसली भीती?" हे मात्र विदोवालीने मला मध्ये न घेता विचारलं. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

"झाकण लागल्याचा आवाज आला नाही ना, तेव्हा वाटली," बुआनवाली म्हणाली, आणि डबे उघडायला बसली. तिसऱ्यांचा रस्सा होता, कापडात गुंडाळून गरम ठेवलेला. विदोवालीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." ग्यूह्वान खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होता. त्याने पत्ता बदलला नाही. नंतर दर शनिवारी गाडी घेऊन येऊ लागला, आणि अंगणातल्या पायऱ्यांना लोखंडी कठडा त्यानेच बसवला.

तेसोपची नोकरी महिन्याच्या आत गेली. कारण दुसरंच काही सांगितलं. तो आईवर चिडला, पंधरा दिवस बोलला नाही, मग लिलावाच्या धक्क्यावर मासळीचा ट्रक चालवायला लागला. आता त्याच्या अंगाला माशांचा वास येतो आणि तो युनिफॉर्मपेक्षा बरा, असं त्याची बायको म्हणते.

वसंत आला तेव्हा दोन्ही जावा एका घरात राहत होत्या आणि भांडणाचा आवाज पुलापर्यंत येत होता. पण कंपनीच्या वकिलाने आता नवीनच मुद्दा काढला. त्याने कोर्टात लिहून दिलं की ना माल्ल्ये यांना आता चालता येत नाही, त्या खाजणात उतरू शकत नाहीत, यापुढेही उतरतील असं नाही. मग खाजण भरल्याने त्यांचं नुकसान काय होणार? नुकसान नाही, तर हक्क नाही. हक्क नाही, तर खटला नाही. शिवाय अहवाल सांगतो की हा चिखल जवळजवळ निर्जीव आहे.

वकीलबाईंनी आम्हाला हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पण आवाज शांत होता. "चांगलं झालं. मी जजना सांगते, स्वतः येऊन बघा," त्या म्हणाल्या.

आणि जज आले. तिघे. मधले मोठे, पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. एक बाई. आणि एक अगदी तरुण. तिघांच्याही पायांत कोरे रबरी बूट. मोठ्या ओहोटीचा दिवस होता, पाणी क्षितिजापाशी गेलेलं, सगळं खाजण उन्हात चमकत होतं. कंपनीचा वकील, खात्याचे अधिकारी, अहवाल लिहिणारे तज्ज्ञ, सगळे बांधावर जमले. आम्ही बाया खुरपी घेऊन कामाला लागलेलो. वकीलबाईंनी बजावलं होतं, नाटक करू नका, रोजचं काम करा. तेच करत होतो. तरुण जज दहा पावलं आत आले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. मी आणि शेजारणीने काखेत हात घालून ओढून काढलं. बूट मात्र आतच राहिला. "साहेब, हा खटल्यात पुरावा म्हणून जमा," शेजारीण म्हणाली. ते स्वतःच मोठ्याने हसले.

मोठ्या जजनी तज्ज्ञाला विचारलं, "तुम्ही जिवंत प्राण्यांची पाहणी केव्हा केली?"

"जानेवारीत, साहेब."

"फक्त जानेवारीत?"

"वेळापत्रक तसं होतं."

"जानेवारीत इथे बर्फ असतो?"

तज्ज्ञाने चष्मा पुसला. "असतो."

वकीलबाई हाच मुद्दा पहिल्या दिवसापासून मांडत होत्या. थंडीत सगळे जीव खोल जातात, आणि गोठलेल्या चिखलात वरवर बघून हा मेलेला आहे असं लिहिलं, तर ती पाहणी नव्हे. पण कागदावरचा मुद्दा वेगळा आणि घमेल्यात फुसफुस पाणी सोडणाऱ्या तिसऱ्या वेगळ्या. जजबाई उकिडव्या बसून त्या बघत होत्या.

कंपनीचा वकील बांधावरूनच म्हणाला, "हे सगळं ठीक. पण या बायका रेघेबाहेरच्या. वादी कुठे आहेत? त्या इथे येऊ शकत नाहीत, हाच आमचा मुद्दा आहे."

तेव्हा आम्हाला ते भांडण ऐकू आलं.

"हळू ओढ ना, मी काय तिसऱ्यांचा ढीग आहे?"

"तिसऱ्या बऱ्या, जाऊबाई. त्या बोलत नाहीत."

बुआनवाली दोरी कमरेला बांधून वाकून चालत होती, आणि मागे लाल रबरी घमेल्यात, उशीवर, गुडघ्यावर शाल, विदोवाली बसलेली. देवीची पालखी यावी तशी ती चिखलावरून सरकत आली. हातात खुरपं होतंच. आम्हाला कोणी हे सांगितलेलं नव्हतं. वकीलबाईंचंही तोंड उघडंच राहिलं. त्यांनी विदोवालीला बांधावर खुर्चीत बसवायचं ठरवलं होतं.

घमेलं जजसमोर थांबलं. कंपनीचा वकील म्हणाला, "बघा, साहेब. यांना दुसऱ्याने ओढून आणावं लागतं."

"तुम्हीसुद्धा गाडीत बसूनच आलात," विदोवाली म्हणाली. "तुम्हाला चालता येत नाही असं मी म्हणाले का?"

मोठ्या जजनी वकिलाला हाताने थांबवलं आणि तिच्यासमोर वाकले. "आजी, मला एवढंच सांगा. हा भराव झाला तर तुमचं काय जाईल?"

विदोवालीने जरा विचार केला. मला भीती वाटली, आता ही शिव्या देणार. पण ती नीट बोलली.

"साहेब, पूर्वी मी स्वतः यायचे. आता ही सकाळी उतरते आणि तिसऱ्या आणते. मी त्या सोलते. माझे हात चांगले आहेत. दुपारी आम्ही रस्सा करून भाताबरोबर खातो, उरलेलं ही बाजारात नेते. संध्याकाळी मीठ जास्त की कमी यावरून भांडतो. भराव झाला तर यातलं भांडण तेवढं उरेल. आणि मग भांडायचं तरी कशावरून?"

जजबाईंनी मान खाली घातली. हसल्या की काय, दिसलं नाही. मोठे जज हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "हे शब्दशः लिहून घ्या."

निकालाच्या दिवशी आमच्या गावाची बस भरून गेली. ज्यांनी नावं काढली होती तेही आले, मागच्या सीटवर, अंग चोरून. विदोवालीने त्यांच्याकडे वळून बघितलं. "पुढे या की. मागे धक्के बसतात," ती म्हणाली. तेवढंच. पण ते पुढे आले.

निकाल वाचायला फार वेळ लागला नाही. वादी तिथे राहते आणि त्या खाजणावर जगते, तिच्या पायाने की दुसऱ्याच्या पायाने हा प्रश्न कायद्याचा नाही. पाहणी नावापुरती होती, आणि अशा पाहणीवर दिलेली परवानगी टिकत नाही. परवानगी रद्द. आम्हाला ती भाषा कुठे कळायला! आम्ही सगळ्याजणी वकीलबाईंच्या पाठीकडे बघत होतो. त्यांनी मागे हात करून मूठ वळली, आणि बुआनवाली कोर्टातच मोठ्याने म्हणाली, "झालं का?" शिपायाने गप्प बसायला सांगितलं. विदोवालीने जावेचा हात धरला होता. नखं रुतली म्हणून बुआनवाली ओरडली. तेव्हा शिपायानेही काही म्हटलं नाही.

कंपनी आणि खातं वरच्या कोर्टात गेले. आणखी एक हिवाळा गेला. विदोवाली काठीच्या आधाराने अंगणात फिरायला लागली, पण बुआनवाली आपल्या घरी परत गेली नाही. कोणी तिला विचारलंही नाही. वरच्या कोर्टाचा निकाल होता त्या दिवशी विदोवालीने बसमध्ये बसायला नकार दिला. मोठी ओहोटी होती, असा दिवस वाया घालवायचा नाही म्हणाली. तेव्हा वकीलबाई एकट्याच गेल्या, आणि फोन माझ्याकडे आला, मी खाजणाच्या मध्यावर असताना. चिखलाच्या हाताने फोन कानाला लावला, ऐकलं, आणि बांधाकडे धावायला लागले. त्या चिखलात जेवढं धावता येतं तेवढं.

विदोवाली बांधावर बसून तिसऱ्या निवडत होती, शेजारी बुआनवाली पाणी पीत होती.

"जिंकलो, काकू! तिथेही जिंकलो!"

बुआनवालीने भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विदोवालीने हातातली तिसरी घमेल्यात टाकली.

"याच्याही वर कोर्ट आहे का?"

"आहे. सोलला. पण वकीलबाई म्हणतात, कंपनी आता तिथे जाणार नाही. सोडून दिलं त्यांनी."

"अरेरे," विदोवाली म्हणाली. "मला सोलचं कोर्ट बघायचं होतं. ग्यूह्वानच्या घरापासून जवळच आहे म्हणे."